अर्ध्या गल्लीचा पाऊस

रोज संध्याकाळी पावणेसहाला गोपाळरावांचा फोन टुंग करून वाजायचा आणि पवनीच्या कोष्टीपुऱ्यातल्या त्या गल्लीत जेवढे कान शाबूत होते तेवढे टवकारले जायचे. गोपाळराव चष्मा शोधायचे. चष्मा कपाळावरच असायचा, पण तो तिथं सापडेपर्यंत पाच मिनिटं जायची, आणि ती पाच मिनिटं भय्याजींना फार जड जायची. मग गोपाळराव परिपत्रक वाचावं तसं वाचायचे : भंडारा जिल्ह्यात पुढील तीन दिवस कमाल तापमानात दोन ते तीन अंशांनी वाढ. तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह वादळी वारे आणि हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता. नागरिकांनी योग्य ती काळजी घ्यावी.

"योग्य ती म्हंजे कोणती, ते देल्लं हाये का?" भय्याजी विचारायचे.

"तेवढं आपल्यावर सोडलं हाये," गोपाळराव म्हणायचे आणि चष्मा पुन्हा कपाळावर ठेवून द्यायचे.

गोपाळराव हवामानवाले नव्हते. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं त्यांनी वैनगंगेच्या पुलाखाली उतरून खांबावर रंगवलेले आकडे वाचले होते. नदी किती चढली ते नदी चढल्यावर वर कळवायचं, एवढंच काम. पण ज्या माणसानं इतकी वर्षं सरकारी पाणी बघितलं त्याला आभाळातलंही कळत असणार, असा गल्लीचा समज होता, आणि गोपाळरावांनी तो मोडण्याची घाई केली नाही.

भय्याजींचं वय बहात्तर. एके काळी गल्लीत बावीस माग होते, आता एक उरला होता, त्यांचा. बाकीच्यांच्या घरात मागाच्या खड्ड्यावर फरशी टाकून फ्रीज ठेवले होते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी साठ हातांचा सुती ताणा, म्हणजे कापडाचं उभं सूत, काढला होता आणि त्याची पांजणी व्हायची होती. पांजणी म्हणजे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून बांधायचं, दोन्ही बाजूंनी माणसांनी चालत चालत कुंच्यानं त्याला तांदळाची खळ लावायची आणि सूत सुटं सुटं वाळवायचं. छपराखाली हे होत नाही, उघड्या आभाळाखालीच व्हावं लागतं. वर ऊन पाहिजे, पण फार नको. वारा पाहिजे, पण जरासा. ओल्या खळीवर पाऊस पडला की सगळे धागे एकमेकांना असे चिकटतात की वाटण्या झालेल्या भावांनी शिकावं. आणि ऊन फार झालं की खळीचा पापड होतो आणि धागा तटातट तुटतो. अशी दोन-तीन तासांची सकाळ भय्याजींना हवी होती. एकच. ती त्यांना अजून कोणी दिली नव्हती.

घाई होती ती डिंपलच्या लग्नाची. डिंपल म्हणजे त्यांची नात, त्यांची लेक चंदा हिची मुलगी. नागपूरला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करणारी. मुलगा बपेऱ्याचा, संजीव नावाचा, जनावरांच्या दवाखान्यात कामाला. लग्न येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी, गोरज मुहूर्तावर. आणि भय्याजींच्या घराण्यातली रीत अशी की, घरच्या पोरीचा अंतरपाट घरच्याच मागावरून उतरायचा. लग्न लागलं की तो तिच्यासोबत सासरी जातो आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याचीच झोळी करून पहिलं लेकरू तिच्यात निजवतात. त्यामुळे घरात जुना अंतरपाट कधी शिल्लक राहत नाही. सगळे कुठे कुठे आढ्यांना टांगून, लेकरांच्या मुतानं धुवून निघून, सुखानं फाटलेले.

एकच अंतरपाट तसा फाटला नाही. चंदाच्या लग्नाच्या साली भय्याजींना काविळीनं धरलं होतं. माग दीड महिना बंद होता, म्हणून अंतरपाट बाजारातून आणला. पिवळाधमक, दाट, मधोमध छापील स्वस्तिक. दीड वर्षानं चंदा डिंपलला कडेवर घेऊन माहेरी आली, ती इथंच राहिली. का आली ते तिनं सांगितलं नाही, ज्यांना समजायचं त्यांना समजलं. कापडाला कोणी दोष दिला नाही. फक्त पंचवीस वर्षांत त्या घरात अंतरपाट हा शब्द निघाला की भय्याजींच्या बायकोला, गोदावरीबाईंना, चुलीवर काहीतरी उतू जात असल्याची आठवण व्हायची आणि त्या उठून आत जायच्या. भय्याजी मग कारण नसताना माग झाडून काढायचे.

म्हणून ही पांजणी व्हायलाच पाहिजे होती.

सोमवारी फोनवर नारिंगी इशारा आला. सगळे घरात बसून राहिले. बाहेर अशी सकाळ झाली की ती पांजणीसाठीच कोणी घडवून पाठवली असावी. दहा वाजेपर्यंत भय्याजी ओट्यावर बसून तिच्याकडे बघत राहिले आणि दहानंतर तिनंही डोळे वटारले. मंगळवारी इशारा नुसता उष्णतेचा होता, म्हणून पहाटे ताणा बाहेर काढला, तर उजाडता उजाडता अशी वावटळ उठली की समोरच्या ललिताबाईंच्या दोरीवरचं लुगडं विठ्ठलाच्या देवळाच्या कळसाला जाऊन लागलं. ताणा परत आत. बुधवारी वादळ येणार म्हणून पुन्हा थांबले. वादळ आलंही, पण ते चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर कारध्याला. तिथं चार घरांचे पत्रे उडाले आणि पवनीत पिंपळाचं पान हललं नाही.

खळीसाठी तांदूळ आदल्या संध्याकाळी भिजवावे लागतात. पांजणी रद्द झाली की ते टाकून कसे द्यायचे, म्हणून गोदावरीबाई त्यांची पेज करायच्या. तीन दिवस घरात पेज झाली. तिसऱ्या दिवशी भय्याजी म्हणाले की आता हवामान सुधारलं नाही तर त्यांचं पोट सुधारणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी गोदावरीबाई स्वतःच गोपाळरावांच्या ओट्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती.

"हे तुरळक ठिकाण कोठी हाये, भाऊजी?"

"कोठीबी असू शकते," गोपाळराव म्हणाले. "पण सगळीकडं नाई."

"मंग आपल्या इथी येईन का नाई?"

गोपाळरावांनी फोन लांब धरून पुन्हा वाचला. "आपण कोठीबीतच येतो ना, वैनी," ते म्हणाले.

गोदावरीबाईंचा प्रश्न रिकामा नव्हता. खळ आदल्या दिवशी शिजते आणि उद्याचं हवामान बघून शिजते. उद्या कडक ऊन असेल तर खळ पातळ करायची, तिच्यात तिळाचं तेल जास्त घालायचं, म्हणजे धागा करपत नाही. उद्या आभाळ असेल तर घट्ट करायची, तेल नावाला, म्हणजे ती ओलसर हवेतही धरून राहते. पूर्वी त्या मुंग्या बघून ठरवायच्या. पण या वर्षी मुंग्याही गोंधळल्या होत्या. सकाळी अंडी तोंडात धरून भिंतीवर चढायच्या आणि दुपारी तीच अंडी घेऊन खाली उतरायच्या. आणि फोन म्हणत होता की उद्या गुरुवारी पारा पंचेचाळीसच्या वर जाणार, शिवाय वादळही येणार. एका दिवशी दोन्ही.

शुक्रवार-शनिवारचा अंदाज याहून वाईट होता. उरलेल्या दिवसांत विणणार कधी?

पुढं झालं ते कोणाच्या डोक्यातून निघालं यावर गल्लीत अजून एकमत नाही. त्या वेळी मात्र ते सगळ्यांनाच पटलं होतं. गोपाळरावांनी नोकरीत अनेक वाद मिटताना बघितले होते, आणि ते सगळे अर्धं-अर्धं करूनच मिटले होते. त्यांनी हिशेब मांडला की वादळ आलंच तर उमरेडकडून, म्हणजे पश्चिमेकडून येईल. तिकडूनच येते. तेव्हा ताण्याच्या पश्चिमेकडच्या अर्ध्याला पावसाची घट्ट खळ लावा आणि नदीकडच्या अर्ध्याला उन्हाची पातळ. जे होईल त्याची तयारी असेल.

पन्नास वर्षांत एका ताण्याला दोन खळी लावल्याचं भय्याजींनी पाहिलं नव्हतं. पण पन्नास वर्षांत एकाच दिवसाला दोन इशारे आल्याचंही त्यांनी पाहिलं नव्हतं. घरात पाठीमागं चंदा चहाच्या कपबश्या विसळत होती. नुसतं पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. भय्याजींनी मान हलवली.

त्या रात्री गोदावरीबाईंनी दोन गंजांत, म्हणजे मोठ्या पातेल्यांत, दोन खळी शिजवल्या.

गुरुवारी पहाटे पाचला सुरुवात करायची होती. माणसं सात जमली : हे तिघं घरचे, गोपाळराव, ललिताबाई आणि मागच्या गल्लीतले दोन म्हातारे भाऊ, ज्यांना अजून कुंचा धरता येत होता. सातांचं मिळून वय साडेचारशेच्या वर. हात चौदा, त्यातले डोक्याच्या वर जाणारे नऊ. त्या दोघा भावांना साखरेच्या आजाराची गोळी घ्यायची होती. गोळी नाश्त्याशिवाय घेता येत नव्हती, आणि नाश्ता गोदावरीबाईंनी केल्याशिवाय होत नव्हता. पोहे होईपर्यंत साडेसहा वाजले. तोवर सूर्य हातभर वर आला होता आणि कोणाची वाट बघत नव्हता.

तरीही सुरुवात छान झाली. बांबूच्या, फुलीसारख्या बांधलेल्या कैच्यांवर साठ हात पांढरं सूत ताणलं गेलं तेव्हा गल्ली क्षणभर पूर्वीसारखी दिसली. दोन्ही बाजूंनी माणसं चालू लागली. कुंचे एका लयीत फिरू लागले. गोपाळराव एका हातानं कुंचा आणि एका हातानं फोन धरून पश्चिमेकडे नजर ठेवून होते. चंदा मधोमध होती, ललिताबाईंच्या घरापुढे, जिथं त्यांच्या पडवीचा पत्रा गल्लीत पुढे आलेला आहे. त्या पत्र्यावरून नगरपरिषदेत चौदा वर्षं अर्ज चालू होता, आणि अर्ज करणारे भय्याजीच होते. दोन्ही गंज मधेपर्यंत येता येता संपत आले. चंदानं दोन्हींच्या तळाचं खरवडून एकात केलं आणि पत्र्याखालच्या चार-पाच हातांना ते लावून टाकलं. विचारायला वेळ नव्हता.

आठ वाजता पश्चिमेकडे ऊन असं काही पडलं की घट्ट खळ बघता बघता पांढरी झाली. साडेआठला पहिला धागा तुटला. तट्. मग दोन, मग एकदम दहा-बारा. पावसाच्या तयारीनं उभं असलेलं अर्धं सूत उन्हात करपत होतं. भय्याजी तिकडे धावले, ओलं फडकं फिरवा म्हणाले. फडकं फिरवेपर्यंत वीसेक धागे गेले.

"ढग तं काई दिसत नाई," गोपाळराव पश्चिमेकडे बघत म्हणाले. खरंच दिसत नव्हता. तो पूर्वेला होता. वैनगंगेवरून आला, घाटाची पायरी चढून माणूस यावा तसा, कोणालाही न विचारता, आणि गल्लीच्या नदीकडच्या तोंडाशी थांबला. एकदाच गडगडला. मग मोठे मोठे, चिंचोक्याएवढे थेंब पडायला लागले.

पाऊस नदीच्या टोकापासून पुढे सरकत आला आणि ललिताबाईंच्या पडवीपाशी थबकला. तिथून पलीकडे ऊन होतं. उन्हासाठी तेल घालून पातळ केलेली खळ पावसात भिजून धाग्यांवरून ओघळली आणि खाली दुधासारखी वाहू लागली. पावसासाठी घट्ट केलेली खळ पलीकडे उन्हात तडकत होती. ललिताबाई घरातून सतरंजी घेऊन धावल्या. ते दोघं भाऊ आपल्या धोतराचे सोगे सुतावर धरून उभे राहिले. भय्याजींना कोणत्या टोकाकडे धावावं ते कळेना. म्हणून ते मधेच उभे राहिले. एक खांदा भिजला, एक भाजला.

दहा मिनिटांत सगळं संपलं. दोन गल्ल्या सोडून बाजारात माणसं छत्री न घेता भाजी घेत होती. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी भय्याजींकडे जरा काळजीनंच बघितलं.

संध्याकाळी पावणेसहाला फोन वाजला नाही तरी गोपाळराव आले. ओट्याच्या कडेला टेकले. बराच वेळ त्यांनी दुःख व्यक्त केलं, आणि ते खरं होतं. पण एक गोष्ट त्यांच्या पोटात राहीना.

"भय्याजी, राग नका मानू," ते हळूच म्हणाले. "पण अंदाज शंभर टक्के खरा निघाला. ऊन बी म्हणलं होतं, पाऊस बी म्हणलं होतं. अन् तुरळक ठिकाण म्हंजे आपली गल्ली."

भय्याजींनी राग मानला नाही. राग मानायला समोर कोणी तरी लागतं. आभाळाकडे बघितलं तर तिथं चांदणी निघालेली होती, एकदम सोज्वळ.

साठ हातांतून वाचलं ते पत्र्याखालचं, चार हातांपेक्षा थोडं जास्त. दोन खळींची खरवड लागलेलं. बाकीचं सूत गोदावरीबाईंनी गुंडाळून ठेवलं. ते कशाच्या कामाचं नव्हतं, पण ठेवलं. ज्या पत्र्यानं हे वाचवलं त्याच्याविरुद्धचा अर्ज भय्याजींनी मागं घ्यायला हवा होता. त्यांनी घेतला नाही, फक्त पुढची तारीख मागून घेतली.

चार हातांतला सव्वा-दीड हात मागाला बांधण्यातच जातो. उरलं ते विणायला बसले तर दिवसा हवा इतकी कोरडी की प्रत्येक ठोक्याला एक धागा जायचा. गोदावरीबाई मागाच्या खड्ड्यात पाणी ओतायच्या, ओली पोती भिंतीला टांगायच्या. पोती तासात वाळायची. तुटलेला धागा जोडायचा तर जोडणारा धागाही तुटायचा. दुसऱ्या दिवशी भय्याजींनी जोडणं सोडलं आणि जिथं धागा नव्हता तिथं जागा रिकामी ठेवून पुढे विणत गेले. चंदा दुरून आडव्या सुताच्या कांड्या भरून देत होती. एकदा तिनं विचारलं, "बाबा, होईन का?" ते म्हणाले, "कापड म्हणता येईन, एवढं होईन."

झालं. मागावरून उतरवून त्यांनी ते खिडकीपुढे धरलं, तर त्यातून ललिताबाईंचा पत्रा दिसला. पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरड्यासुद्धा मोजता आल्या.

लग्न नदीकाठच्या मैदानावर होतं. दिवसभर आग पडली होती, आणि त्या दिवशीच्या अंदाजातही वादळ होतंच. नवऱ्याकडची मंडळी तयारीची. संजीवच्या मावशीनं बालाघाटहून अंतरपाट आणला होता, मरून रंगाच्या मखमलीचा, सोनेरी झालर लावलेला, दोघांची नावं भरतकामात. तिनं तो भटजींच्या हाती दिला तेव्हा भय्याजींना सुटल्यासारखं झालं. घरचं कापड त्यांनी पिशवीत पत्रिकांच्या खाली दडपून आणलं होतं. ते बाहेर काढावं लागलं नसतं तर बरं, असं मनात आलं, आणि असं आलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली. मखमल चांगली दाट होती. पिवळी नव्हती एवढंच.

पिशवी गोदावरीबाईंनी उचलली. कोणाशी न बोलता त्यातून कापड काढलं, भटजींच्या हातातली मखमल घडी करून मावशीच्या मांडीवर ठेवली, आणि हे त्यांच्या हातात दिलं. मावशीनं तोंड उघडलं होतं. गोदावरीबाईंचा चेहरा बघून तिनं ते पाणी पिण्यासाठीच उघडलं होतं असं दाखवलं.

भटजी आणि डिंपलच्या लॅबमधला एक भाऊ मानलेला पोरगा, अशा दोघांनी अंतरपाट धरला. मागून मांडवाचा मोठा दिवा होता. उजेड कापडातून आरपार आला आणि डिंपलला संजीव दिसला, संजीवला डिंपल दिसली, दोघांना एकमेकांचे घामेजलेले चेहरे आणि मुंडावळ्या दिसल्या. आणि संजीव हसला. अक्षता घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या वऱ्हाडाला तो हसताना दिसला. पहिलं मंगलाष्टक सुरू व्हायचं होतं.

मुलीच्या आईनं लग्न लागताना समोर राहू नये म्हणून चंदा मांडवाच्या कडेला, बांबूपाशी उभी होती. गोदावरीबाई तिच्याजवळ आल्या. मंगलाष्टकांआधी तोंडं दिसली, आता काय व्हायचं, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. भय्याजी शेजारीच होते. त्यांनी मान खाली घातली. त्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

चंदा समोर बघत होती. पंचवीस वर्षांत ती त्या विषयावर पहिल्यांदाच बोलली.

"माह्या वेळचं कापड लय दाट होतं, आई," ती म्हणाली. "काईच दिसलं नाई."

गोदावरीबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना चुलीवरचं काही आठवलं नाही. त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि त्यांनी चंदाचा हात मनगटाशी धरला.

भटजींनी सूर लावला. पलीकडे गोपाळरावांचा फोन टुंग झाला आणि ते कपाळावरचा चष्मा शोधू लागले. तेवढ्यात एक गरम झुळूक आली आणि मांडवाचं कापड एकदा वर फुगून खाली बसलं. भय्याजींनी आधी पश्चिमेकडे बघितलं, मग नदीकडे, मग पुन्हा पश्चिमेकडे. दोन्हीकडे काही नव्हतं, आणि त्याचा काही अर्थ नव्हता. मग त्यांनी दोन्ही हातांनी मांडवाचा तो बांबू धरला आणि पाचही मंगलाष्टकं संपेपर्यंत सोडला नाही.